साहेबांच्या गाडीचा हिशेब

सरकारी गाड्या विजेवर न्यायच्या तर सुरुवात साहेबांच्या गाडीपासून करावी, असं माझं ठाम मत होतं. लेखा शाखेत असताना तशा टिपण्याही मी लिहिल्या. २०१७ मध्ये केंद्राच्या ईईएसएल कंपनीने दहा हजार ई-मोटारींची निविदा काढली, तेव्हा टाटांनी टिगोरचा दर दिला होता १०.१६ लाख, जीएसटी वेगळा. पेट्रोलवरची टिगोर साधारण निम्म्या किमतीत मिळत होती. मी म्हणायचो, महाग तर महाग, साहेब बसले की जनताही बसेल. आणि पेट्रोल वाचेल ते निराळंच.

मत बदललं ते लॉगबुकं चाळताना. लेखापरीक्षण जवळ आलं की ती माझ्या टेबलावर यायची. पानापानावर तेच: 'कार्यालय ते जिल्हा परिषद व परत', 'स्थानिक', 'निवासस्थान ते कार्यालय', मधूनच 'गाडी उभी'. मंत्र्यांचा दौरा असला की एकदम दोन पानं भरलेली, आणि पुन्हा 'स्थानिक'. महिन्याची बेरीज हजार किलोमीटरच्या आतबाहेर.

आता मांडा गणित. डिझेलची गाडी लिटरला पंधरा धरली तर किलोमीटरला सहा रुपये. विजेची दीड-दोन रुपयांत जाते. म्हणजे वाचले चार-साडेचार. गाडी चार लाखांनी महाग असेल तर ते भरून यायला नव्वद हजार ते एक लाख किलोमीटर पळायला हवी. महिन्याला हजार पळणाऱ्या गाडीला आठ वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीची हमी संपत आलेली असेल. देखभालीचा खर्च ई-गाडीला कमी, हे कबूल, पण उभ्या गाडीची देखभाल अशी असते तरी किती? भाडेतत्त्वावर घेतली तर आणखी पंचाईत. जुनी गाडी उभी राहिली की निदान डिझेल वाचायचं. भाड्याची गाडी चिंचेखाली उभी असली तरी महिन्याचं बिल ठरलेलं.

हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सरकारी हिशेबात हे पैसे एकत्र भेटतच नाहीत. गाडीची किंमत 'मोटार वाहने' या शीर्षाखाली, इंधन 'पेट्रोल, तेल व वंगण'खाली, आणि चार्जिंगची वीज कार्यालयाच्या वीजबिलात मिसळून गेलेली. इंधनाचं शीर्ष घटलं की वाहनशाखा खूश. बाकी दोन्हींकडे बघायचं कोणी?

बसचं गणित तसं नाही. बारा मीटरची ई-बस कोटीच्या वर जाते, म्हणून केंद्राने फेम-२ योजनेत ५५ लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. पण ती दिवसाला दोनशे किलोमीटर पळते आणि डिझेलच्या बसपेक्षा किलोमीटरला दहाएक रुपये वाचवते. वर्षाचे सात लाख झाले. शिवाय बसमध्ये साहेब एकटे नसतात. १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली ई-बस 'शिवाई' धावली. १९४८ मध्ये एसटीची पहिली गाडीही याच मार्गावर निघाली होती. तेव्हा मला तो निव्वळ समारंभ वाटला. आज वाटतं, सरकारचा पहिला पैसा तिथेच जायला हवा. मात्र बहुतेक शहरांत बस ठेकेदाराची असते आणि पैसे किलोमीटरवर मोजले जातात. करारात किमान किलोमीटर ठरलेले असतात. तेवढी बस फिरवता आली नाही तर तिथेही उभ्या गाडीचं भाडं भरावं लागतं. बसलाही लॉगबुक चुकत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली, त्यामुळे कार्यालयांना नव्या गाड्या घ्याव्याच लागताहेत. राज्याच्या २०२१च्या धोरणाने तर सांगितलं होतं, नवी घ्याल ती विजेवरचीच घ्या. मग माझं एकच म्हणणं आहे: तीन अधिकाऱ्यांत मिळून एक ई-गाडी द्या. महिन्याला तीन हजार किलोमीटर सहज होतील आणि जादा किंमत तीन वर्षांत वसूल होईल. साहेबांनी एकमेकांत गाडी वाटून घ्यावी, अशी टिपणी सादर कोणी करायची, एवढंच ठरायचं बाकी आहे. मी तर निवृत्त झालोय.