फुकट घेतलं, परत काय दिलं?

आज जरा लांब लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण मुद्दा आपल्या शाळांचा आणि आपल्या कागदांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

तलासरीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याआधी मी वापीला एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. तिथे 'पीसीक्वेस्ट' नावाचं इंग्रजी मासिक यायचं. एका अंकासोबत सीडी आली, तिच्यात लिनक्स. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अख्खी सिस्टीम, मासिकाच्या किमतीत. तेव्हा फोनच्या तारेवरून एवढी मोठी वस्तू उतरवून घेणं आपल्यासारख्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ती सीडीच आमचा मास्तर झाली.

त्या सीडीमागे एक माणूस होता, अतुल चिटणीस. जन्म १९६२, जर्मनीत. इंजिनिअरिंग शिकला बेळगावात, तेही मेकॅनिकल. १९९६ मध्ये मासिकासोबत लिनक्सची सीडी वाटायची मोहीम त्याने उभी केली आणि देशभरात हजारो पोरांनी पहिल्यांदा लिनक्स पाहिलं ते तिच्यामुळे. २००१ मध्ये बंगळूरला त्याने लिनक्सवाल्यांचा मेळावा सुरू केला, २००५ पासून त्याचं नाव झालं 'फॉस डॉट इन'. बोलायला रोखठोक. मेळाव्यात त्याचा एकच धोशा असायचा: भारतात वापरणारे पुष्कळ झाले, आता बनवणारे, परत देणारे किती ते सांगा. ३ जून २०१३ ला कॅन्सरने गेला. वय अवघं ५१.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगतो. शेतावरचं डिझेल इंजिन बिघडलं की गावचा मिस्त्री ते उघडतो, बघतो, दुरुस्त करतो. आता समजा कंपनीने सांगितलं, इंजिन तुझं, पण उघडायचं नाही, आणि आम्ही म्हणू तेव्हा नवं घ्यायचं. बंद सॉफ्टवेअर तसं. ओपन सोर्स म्हणजे उघडता येणारं इंजिन. शिवाय दुरुस्ती ज्याने केली, त्याला ती सगळ्यांना देता येते. आपल्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतात जातात, तसलाच प्रकार.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय केलं, ते ऐका.

२००९ मध्ये एका पाड्याच्या वनहक्क दाव्यांची यादी माझ्याकडे टाइप करायला आली. ४३ घरं. मी ती तेव्हाच्या एका मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये केली. कॉम्प्युटरला मागून एक लॉक लावलं तरच तो प्रोग्रॅम चालायचा. पुढच्या पावसाळ्यात वीज पडली, मशीन गेलं, लॉकही गेलं. पेनड्राइव्हवर फाइल होती. दुसऱ्या मशीनवर उघडली तर मराठीचा पत्ता नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अशी फाइल बदलून घेता येते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुसट झेरॉक्सवरून सगळं परत टाइप केलं. दोन घरांची नावं सुटली. ती माणसं दुकानात आली, काही बोलली नाहीत, नुसती उभी राहिली. त्यांचे कागद परत लावायला वर्ष गेलं. चूक माझी होती.

त्यानंतर मी सगळं युनिकोडमध्ये करायला लागलो. युनिकोडमध्ये 'क' हा कुठल्याही मशीनवर 'क'च राहतो. लॉक नाही, वर्षाचे पैसे नाहीत. मी वापरतो तो 'लोहित' फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, पुढे पुण्यातल्या इंजिनिअरांनी तो सांभाळला. मराठी मेनू, मराठी कीबोर्ड, हे कुणीतरी रात्री जागून केलेलं काम आहे. मी वीस वर्षं त्याच्यावर पोट भरलं. परत दिलं काय? शून्य. चिटणीसांचा प्रश्न थेट मलाच लागू होता.

आता आजचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आपल्या भागातल्या एका शाळेत जुनी मशीनं 'आता निकामी' म्हणून कोपऱ्यात लावून ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि कॉलेजची दोन पोरं जाऊन बसलो. पाच मशीनांवर लिनक्स टाकलं. चार चालू झाली, एक नाही झालं. प्रिंटर अजून रुसलेला आहे. पण पोरं आता लिबरऑफिसमध्ये मराठी टाइप करतात. त्या दोघांतल्या एकाला मेनूतले दोन मराठी शब्द चुकीचे वाटले. त्याने दुरुस्ती पाठवली. स्वीकारली की नाही, अजून कळलेलं नाही. पण आपल्या तालुक्यातून काहीतरी परत गेलं, याचा मला आनंद आहे.

केरळने सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स चालवून दाखवलंय. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं, हे केंद्राचं २०१५ पासूनचं धोरण आहे. मग आपल्याकडे अडतंय कुठे?

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं. ग्रामसभेच्या याद्या, ठराव, दावे युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, आणि छापील कागदासोबत फाइलही मागून घ्या. शाळेतलं मशीन भंगारात काढण्याआधी एकदा लिनक्स टाकून बघा. आणि कॉलेजच्या पोरांनो, नुसतं वापरू नका. आपल्या वारली बोलीतले शब्द देवनागरीत टाइप करून जमवायला लागलात तरी ती सुरुवात आहे.

कुणाच्या शाळेत अशी मशीनं पडून असतील तर कळवा. रविवारी दुकान बंद असतं, मी येतो. पैसे नकोत, फक्त दोन पोरं सोबत बसवा, म्हणजे पुढच्या वेळी मला बोलवावं लागणार नाही.