हातांवरचे डाग आणि हातातला फोन



मला गेली तीस वर्षे सोरायसिस आहे. नर्स असून मी दुसऱ्यांना धीर देत होते आणि स्वतःचे हात लांब बाह्यांत लपवीत होते. मुलांनो, हा रोग शिवल्याने लागत नाही. जी कातडी नवी व्हायला साधारण महिना लागतो, ती थोड्याच दिवसांत तयार होते आणि तिच्या खपल्या साचतात. रोग मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतो. पूर्वी मी उन्हासाठी मृत समुद्रावर एन बोकेकला जात असे. समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून जास्त खाली असल्यामुळे तिथलं ऊन कमी भाजतं. आता एवढा प्रवास होत नाही.

मागच्या वर्षी नातवाने फोनात एक ॲप घालून दिले. मी म्हटलं, "मला कशाला? मला काय माझे हात दिसत नाहीत?" तो म्हणाला, "आजी, तुला आजचं दिसतं, मागच्या महिन्याचं दिसत नाही." पटलं.

ॲप मलमाची आठवण करते, खाज ० ते १० मध्ये किती ते विचारते आणि दर आठवड्याचा फोटो ठेवते. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का. त्यावरून डाग मोजायचे. शब्बाथला फोन बंद, म्हणून ती नोंद शब्बाथ सुटल्यावर.

सुरुवातीला मी फसले. एक फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढला, दुसरा गॅलरीत उन्हात. डाग फिका वाटला म्हणून मलमाची टाळाटाळ केली, आणि तीन आठवड्यांत हात चिरले! म्हणून जागा, वेळ, उजेड एकच ठेवा. शिवाय ॲपमधली चित्रे गोऱ्या कातडीची, लाल डागांची. आपल्या सावळ्या अंगावर डाग जांभळट किंवा करडे दिसतात. बोट फिरवून जाडी आणि खपली पाहा.

एक दिवस ॲपने विचारले, "सकाळी बोटं आखडतात का?" आखडत होती. सोरायसिसबरोबर सांधेही धरतात हे मी शिकलेली बाई. पण स्वतःच्या बोटांना म्हातारपण म्हणत बसले होते. कुपत खोलिमच्या डॉक्टरांना नोंदी दाखवल्या. तपासणीत सांध्यांचाच विकार निघाला. लवकर कळलं, औषध सुरू झालं, नाहीतर बोटं वाकडी झाली असती. निदान डॉक्टरांनी केलं, फोनने नाही. फोनने फक्त मला विचारलं, जे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

थोरल्या नातीच्या मेंदीला मी हात पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसले होते. आता धाकटीची मेंदी आहे. डॉक्टरांना विचारून ठेवलंय: साधी पानांची मेंदी चालेल, काळा रंग मिसळलेली नको. या वेळी बोट पुढे करणार आहे.

ज्यांना असे डाग असतील त्यांनी लपवू नये. फोन जमत नसेल तर नातवंडांना हाक मारा. आणि मुलांनो, आजी-आजोबांचा हात धरायला भिऊ नका.