मधली अक्षरं

फोन उचलल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे मला नऊ वर्षं झाली तरी नीट कळलेलं नाही.

बाकीचं जमतं. चोरीला गेलेला क्रिप्टो पैसा कुठून निघाला, किती पत्त्यांवरून फिरला, कुठल्या एक्सचेंजच्या दारात शिरला, हे ब्लॉकचेनवर उघडं पडलेलं असतं. ट्रॉनस्कॅन नाहीतर इथरस्कॅन लावायचं आणि वाट धरायची. ती हमाली आहे. मेख पहिल्या प्रश्नात आहे, कारण पुढची दहा मिनिटं त्याच्या उत्तरावर ठरतात. वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द हातचे गेले असतील, तर उरलंसुरलं घेऊन घर सोडायचं. नुसती एखादी परवानगी सही करून दिली असेल, तर ती रद्द करून त्याच घरात राहता येतं. लक्षणं सारखी, औषधं उलटी. आणि समोरचा माणूस नेमकं हेच खरं सांगत नाही.

सुरुवातीला मी “काय झालं?” असं विचारायचो. त्यावर वीस मिनिटांची कथा यायची: टेलिग्रामवरची बाई, तिने दाखवलेला नफा, पहिल्यांदा काढून दिलेले आठ हजार. मग मी थेट विचारू लागलो, “बारा शब्द कुठे टाइप केलेत?” त्यावर ठरलेलं उत्तर, “छे, कुठेच नाही.” वकील उलटतपासणीत विचारतात तसा तो प्रश्न होता, माणूस आरोपी असल्यासारखंच उत्तर देणार. मग काही दिवस “आत्ता वॉलेटमध्ये काय उरलंय?” हा प्रश्न चालवला. तो बरा. मागचं उकरत नाही, हाताला काम देतो. पण त्यानेच मला मिरजेत आपटलं.

मिरजेचे एक निवृत्त हेडक्लार्क. म्हणाले, एअरड्रॉपच्या साइटवर फक्त ‘कनेक्ट’ दाबलं, बाकी काही नाही. मी विश्वास ठेवला आणि परवानग्या रद्द करायला सांगितलं. त्याला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, लागते म्हणून त्यांनी थोडं इथर मागवून घेतलं. ते पुढच्याच ब्लॉकमध्ये, बारा सेकंदांत, नाहीसं झालं. वॉलेटवर आलेलं लगेच उचलणारा स्वीपर बसला होता, म्हणजे शब्द कधीच गेले होते. स्टेकिंगला लावलेले टोकन तेवढे शिल्लक होते. आधी कळतं, तर फ्लॅशबॉट्सचं बंडल करून गुपचूप काढता आले असते. पण आमच्या खटपटीने चोर जागा झाला आणि तासाभरात तेही गेले. मी फोनवर ओरडलो, “आधी का नाही सांगितलंत?” ते हळू आवाजात म्हणाले, “साहेब, मुलगा शेजारी बसला होता.”

हे वाक्य मी पुढे कित्येक व्याख्यानांत वापरलं. लोक हळहळायचे. मला ते हळहळणं आवडायचं, आणि त्यात माझी चूक किती होती, हे मी कधी सांगितलं नाही.

माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल मला बरं बोलता येत नाही. गेलेला पैसा परत आणून देतो म्हणणारे जे टेलिग्रामवर फिरतात, ते सरळ दुसरे चोर आहेत. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि पहिली जखम ओली असतानाच यांचा मेसेज येतो: दहा टक्के आगाऊ द्या, रक्कम सुटेल. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे. मला जास्त चीड येते ती आमच्यातल्या प्रतिष्ठितांची. चाळीस पानांचा अहवाल, रंगीत बाणांचा नकाशा, साठ हजार बिल, आणि शेवटच्या पानावर एवढंच की पैसा अमुक एक्सचेंजला गेला. तो नकाशा घेऊन माणूस पोलीस ठाण्यात जातो. एका ठाण्यात तर माझ्यासमोरच विचारलं होतं, “या पत्त्याचा आयएफएससी कोड काय?” टेदर कंपनी चोराच्या पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते, पण तिला पोलिसांचं पत्र लागतं, रंगीत बाण नव्हे. ज्याने बँकेतून पीटूपीवाल्याला पैसे भरले, त्याने नकाशाआधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायला हवा. पहिला तास बँकेच्या बाजूने धरला, तर निदान एखादं भाडोत्री खातं अडतं. हे सांगायला साठ हजार लागत नाहीत, म्हणून कोणी सांगत नाही. माझेही नकाशे सुंदर असायचे, हे इथेच कबूल करतो.

शिवाय पुण्यात या कामाला एक जुना डाग आहे. २०१८च्या बिटकॉइन फसवणुकीच्या गुन्ह्यांत पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२मध्ये पोलिसांनी अटक केली. आरोप असा की तपासातलं आभासी चलन त्यांनी परस्पर वळवलं. त्यानंतर वर्षभर प्रत्येक दुसरा माणूस मला विचारायचा, “तुम्ही कशावरून तसे नाही?” मी दुखावला जायचो. प्रश्न बरोबर होता.

आता जे लिहायला बसलो ते. गेल्या पावसाळ्यात मी माझेच १,१४० यूएसडीटी चोराला पाठवले.

पत्ता-विषबाधा म्हणतो आम्ही. तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखं तोंड आणि शेपूट असलेला जुळा पत्ता चोर बनवतो आणि त्यावरून चिल्लर पाठवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत येऊन बसतो. वॉलेट दाखवतं पहिली काही अक्षरं, शेवटची काही, मध्ये टिंबं. मे २०२४मध्ये एकाने ११५५ रॅप्ड बिटकॉइन, सुमारे ६.८ कोटी डॉलर, असेच घालवले. चोराने पुढे बहुतेक परत केले, म्हणून ती गोष्ट मी हसत सांगायचो. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट एक्सचेंजचे जवळपास दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सही करणाऱ्यांच्या पडद्यावर एक व्यवहार होता आणि सहीखाली दुसराच. तेही मी वर्गात रंगवलं. ट्रॉनच्या पत्त्यात चौतीस अक्षरं असतात, मधली वाचा, मधली वाचा, असं मुलांना ओरडून सांगितलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डावा बाकी आहे. डोळ्यांवर ढकलायचा मोह होतो. पण चष्मा टेबलावरच होता. घाई होती, आणि हे आपल्याला होणार नाही अशी खात्री होती.

माझ्याकडे एक मुलगी काम शिकायला येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणालो, एक व्यवहार चुकलाय, बघ जरा. तिने विचारलं, “सर, पत्ता कुठून कॉपी केलात?”

“सेव्ह केलेल्या यादीतून,” मी म्हणालो.

ट्रॉनस्कॅन तिच्यासमोर उघडं होतं. चोराची चिल्लर आदल्या दुपारी आलेली स्पष्ट दिसत होती. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “मी पण हिस्ट्रीतूनच कॉपी करते, सर. मधलं कोण बघतं?”

मग मी खरं सांगितलं.

तेव्हा वाटलं, सापडला. पहिला प्रश्न हा प्रश्नच नाही. आधी आपली चूक पुढे ठेवायची. फसलेला माणूस आपली हकिगत पत्त्यासारखीच सांगतो: सुरुवात आणि शेवट चोख, मध्ये टिंबं. आपण आपली मधली अक्षरं दाखवली, तर तोही दाखवेल. पुढच्याच फोनवर प्रयोग केला. ठाणे शहरातले एक गृहस्थ होते. म्हटलं, “काळजी करू नका, माझेही गेलेत.” ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “मग तुमच्याकडे येऊन काय उपयोग?” फोन ठेवला. त्याच मुलीने तेच वाक्य दोन दिवसांनी एका बाईंना सांगितलं, तर त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं, शब्द कुठल्या फॉर्ममध्ये भरले तेसुद्धा. फरक कशात आहे, ते मी अजून शोधतो आहे. ती ते वाक्य सहज बोलते. मी बहुधा त्याचंही व्याख्यान करतो.

आणि तिला मी जे खरं सांगितलं, तेही पुरतं नव्हतं. सकाळी लक्षात आलं, असं म्हणालो होतो. प्रत्यक्षात ‘पाठवा’ दाबल्यावर दोन मिनिटांत कळलं होतं. रक्कम चोराच्या पत्त्यावर चाळीस मिनिटं जागची हलली नव्हती. पहिला तास, पहिला तास म्हणून नऊ वर्षं लोकांना ओरडणारा मी, दिवा न लावता ती रक्कम बघत बसलो होतो. बायको आत जागी होती. कोणाला फोन केला नाही. व्यवहाराची वेळ चेनवर सेकंदापर्यंत लिहिलेली असते. माणसाला कधी कळलं, ते तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.