कोणाचा देव, कोणाचा राक्षस

जरीपटक्यातल्या घराच्या ओट्यावर बसून मी आठवीच्या मराठीच्या वह्या तपासत होते. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना ‘मला आवडलेली गोष्ट’ लिहायला दिली होती. शेजारच्या सिंधी कुटुंबातल्या नातवाने एक वही उचलली आणि मोठ्याने वाचले, ‘अमीर हमजाने देवाला ठार मारले.’

माझ्या छातीत धस्स झाले. मुलाचा दोष नव्हता. उर्दूत ‘देव’ म्हणजे अक्राळविक्राळ राक्षस. दास्तानमधला हमजा अठरा दिवसांसाठी म्हणून कोहकाफला जातो आणि अठरा वर्षे अडकतो, तो याच देवांशी लढण्यासाठी. शाहनाम्यातला रुस्तमही पांढऱ्या देवाला मारतो. पण हे कोण ऐकून घेणार? एका ओळीवरून आजकाल काय काय होते, ते मी वेगळे सांगायला नको.

नातवाची आजी १९४७ साली सात वर्षांची असताना सिंधमधून आलेली. ती हसून म्हणाली, “अरे, ये वो वाला देव नहीं. मेरी माँ भी देव-परी की कहानी सुनाती थी.”

खरे तर शब्द मूळचा एकच. भारतात देव पूज्य राहिला, इराणात तो राक्षस झाला. उलट आपला असुर तिकडे ‘अहुर’ म्हणून वंदनीय ठरला. एकाचे दैवत दुसऱ्याच्या गोष्टीत राक्षस होते, ते असे.

जुन्या कथांत जमात ठरली की स्वभाव ठरला. देव दुष्ट, परी देखणी. नव्या कथांनी हे बदलले. १९९२च्या ‘अलादीन’ चित्रपटातला जिन गुलामीतून सुटू पाहणारा दोस्त आहे. रत्नाकर मतकरींनी तर ‘निम्मा शिम्मा राक्षस’ मुलांच्या रंगभूमीवर आणला. पण हे नवे तरी कसे म्हणावे? सूरह जिन्नमध्ये जिन स्वतःच कबूल करतात की आमच्यात नेक आहेत, तसे नेक नसलेलेही आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ‘देव’ खोडून ‘राक्षस’ लिहायला लावले. एका मुलीने विचारले, “मॅडम, सगळे राक्षस वाईट असतात का?” मी बिभीषणाचे नाव सांगितले, जिन्नांची आयत सांगितली. मात्र शेजाऱ्यांविषयी आदल्या संध्याकाळी माझ्याच मनात क्षणभर काय आले होते, ते सांगितले नाही. सांगायला हवे होते.