अण्णांचा कान

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी घड्याळ एकच होते, आणि तेही मागे पडायचे. सकाळ झाली हे कळायचे ते अण्णांनी गॅरेजात चालू केलेल्या पहिल्या गाडीच्या आवाजाने. गॅरेज म्हणजे तरी काय, एस. टी. स्टँडच्या मागे चार पत्रे, एक लोखंडी पेटी आणि ऑइल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. घर त्याला चिकटूनच. मी पाढे पाठ केले ते त्या जमिनीवर पोते टाकून. माझ्या पहिलीच्या पुस्तकावर पडलेला ऑइलचा डाग आईने कधी पुसला नाही; पुसला असता तर तो जास्तच पसरला असता.

अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. बाराव्या वर्षी ते साताऱ्यात एका उस्तादाच्या हाताखाली लागले. आधी दोन वर्षे नुसते पाने पुसले, मग प्लग, मग पंक्चर, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. अण्णा त्याला कार्बेटर म्हणतात. त्याला दोन स्क्रू असतात. एकाने इंजिनाची मंद गती ठरते, दुसऱ्याने हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण. अण्णा गाडी चालू करीत, डोळे मिटीत, मान थोडी तिरकी करीत आणि खिशातल्या लहान स्क्रूड्रायव्हरने पाव आटा आत, अर्धा आटा बाहेर असे करीत राहत. मध्येच एका क्षणी गाडी सुरात लागे. मग ते प्लग काढून उजेडात धरीत. कोरडा काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर हवा जास्त, विटकरी असला तर बरोबर. तो विटकरीच निघायचा. "कानाला पटलं की पलगाला पटतंयच," असे ते म्हणत.

त्या दोन स्क्रूंवर आमचे घर चालले. मोठ्या ताईचे लग्न झाले, माझ्या वह्या आल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती पायरी त्या दोन स्क्रूंवरच टेकलेली आहे.

मग २०२० साल उजाडले. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ या नियमांत बसणारीच नवी गाडी विकता येणार, असे ठरलेले होते. तेव्हा मात्र टाळेबंदी चालू होती, त्यामुळे नियम आला तो कोणाला दिसला नाही. आम्हांला तो दिसला दिवाळीच्या सुमारास. गावातले एक दूधवाले नवी मोटारसायकल घेऊन आले. गाडी धक्के देते म्हणाले. अण्णांनी सीट काढली, टाकी उचलली, आणि तसेच बघत राहिले. कार्बोरेटरच्या जागी ॲल्युमिनियमचा एक ठोकळा होता आणि त्याच्यातून वायरी निघाल्या होत्या. "ह्यात फिरवायचं काय?" अण्णांनी विचारले. दूधवाल्यांना माहीत नव्हते, मलाही नव्हते. अण्णांनी टाकी परत बसवली, पैसे घेतले नाहीत आणि म्हणाले, "शोरूमला न्या."

स्टँडवर सगळे म्हणत, हे कंपन्यांचे कारस्थान आहे; गावची गॅरेजे बुडवायची म्हणून केले आहे. मलाही तेच खरे वाटे. राग यायला काही वाचावे लागत नाही. कॉलेजला आल्यावर मात्र मी ग्रंथालयात या विषयाचे पुस्तक मागितले. कला शाखेच्या मुलीला इंजिन कशाला हवे, हा प्रश्न ग्रंथपाल सरांच्या चेहऱ्यावर दिसला. पण पुस्तक त्यांनी दिले. इंग्रजी होते. एका पानाला एक संध्याकाळ लागली.

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. १९४३ च्या जुलैत तिथे असा डोळे झोंबवणारा धूर दाटला, की शत्रूने विषारी वायू सोडला अशी शंका लोकांना आली. युद्धाचेच दिवस होते ते. पुढे १९५० च्या आसपास हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. हा मूळचा हॉलंडचा माणूस, आणि अभ्यास करीत होता अननसाच्या स्वादाचा! अननसाचा वास हुंगणाऱ्याने मोटारींचा धूर ओळखावा, याची मला मोठी मौज वाटली. मोटारींतून निघणारे न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की तो झोंबणारा धूर तयार होतो, हे त्याने दाखवले. १९७० मध्ये अमेरिकेने कायदा केला, की काही वर्षांत हे विषारी वायू नव्वद टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. तिथल्या मोटारकंपन्या म्हणाल्या, अशक्य आहे. मुदती पुढे ढकलल्या गेल्या. पण १९७५ च्या गाड्यांत धुराच्या वाटेवर एक डबा येऊन बसला. त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि जाळीवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्यातून जाताना बरेचसे निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात.

इथून पुढची साखळी मी तीनदा वाचली. या जाळीला शिसे चालत नाही. शिशाने ती मरते. म्हणून पेट्रोलमधले शिसे गेले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. पुढे याच जाळीने तिन्ही विषारी वायू एकदम आवरावेत असे ठरले, तेव्हा दुसरी अट आली. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत पाळावे लागते. थोडे इकडेतिकडे झाले की एखादा वायू तसाच निसटतो. हे प्रमाण थंडीत, उन्हात, चढाला, उताराला, प्रत्येक क्षणी कोण सांभाळणार? म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. सेन्सरचे म्हणणे ऐकायला छोटा संगणक आला. संगणकाचा हुकूम पाळायला पेट्रोलची पिचकारी मारणारा इंजेक्टर आला. आणि कार्बोरेटर गेला.

म्हणजे अण्णांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर कोणी हिसकावला नव्हता. धूर स्वच्छ करायचे ठरले, आणि एकेक कडी ओवत ओवत ती साखळी एस. टी. स्टँडच्या मागे आमच्या पत्र्यापर्यंत आली. हे कळले तेव्हा मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. ज्याच्यावर रागवायचे तोच नाहीसा झाल्यासारखे झाले.

आपल्या देशातल्या नियमांचा इतिहास मात्र सरळ नाही. देशभराचे पहिले नियम १९९१-९२ चे. २००० पासून ते युरोपच्या धर्तीवर टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. २०१० मध्ये भारत स्टेज ४ आले ते फक्त १३ शहरांसाठी. त्यांत मुंबई होती, पुणे होते, आपले सोलापूरही होते. बाकी देशाला स्टेज ३. शहरांतल्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ५० भाग, आमच्या पंपावरच्या डिझेलमध्ये ३५० भागांपर्यंत चालणारे. देशभर एकच नियम व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडावे लागले. या यादीवर माझे बोट बराच वेळ थांबले होते. मी त्या सात वर्षांत चार वर्षांची होते, पाच वर्षांची होते, पोत्यावर बसून पाढे म्हणत होते. पुढे पाचवा टप्पा गाळून एकदम सहावा आला आणि गंधक १० भागांवर उतरले.

हिवाळ्यात अण्णांना खोकला असतो. बिडी-तंबाखू त्यांनी कधी केली नाही. गेल्या वर्षी तालुक्याच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकले आणि एकच विचारले, "धंदा काय?" पुढे कारण वगैरे काही सांगितले नाही. औषध लिहून दिले. घरी येताना माझ्या नाकात जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा वास आला. त्या गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचे, आणि ताज्या पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडायचा. म्हणून तो निळा धूर. पोरे अजून आर. एक्स. १०० साठी जीव टाकतात. १९९६ मध्ये बंद झालेली गाडी ती, पण तिचा आवाज आला की स्टँडवरची मान आपोआप वळते. माझीही वळते. लहानपणी मला तो निळा धूर फार आवडायचा.

आता एक गोष्ट सांगते, जी न सांगता हा लेख संपवता आला असता. पोरे अण्णांकडे गाडी आणून म्हणत, "मिस्त्री, जाळी काढा." जाळी काढली की गाडी जोरात उचलते असा त्यांचा समज, आणि आवाजही वाढतो. अण्णा सायलेन्सर कापीत, आतली जाळी काढीत, परत वेल्डिंग करीत. जाळीचे भंगारवाला वेगळे पैसे देई. पुस्तक वाचून झाल्यावर मी अण्णांना फोक्सवॅगनची हकीकत सांगितली. २०१५ मध्ये उघड झाले, की या जर्मन कंपनीने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असा प्रोग्रॅम घातला होता, की तपासणी चालली आहे हे गाडीला कळायचे आणि तेवढ्यापुरती ती स्वच्छ चालायची. अण्णा खो खो हसले. "म्हंजे एवढी शिकल्याली माणसं, पर जाळीच काढत्यात की!"

मला हसू आले नाही. मी म्हटले, "अण्णा, मग तुम्हीपण काढू नका. तो धूर तुम्हीच ओढता."

ते पाना पुसत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी अकरावीची फी जाळ्यांतनंच भरलीया."

त्यावर मला काही बोलता आले नाही. वक्तृत्व स्पर्धेत पर्यावरणावर बोलून मी कप आणलेला आहे. तो कप घरात टी. व्ही.वर ठेवलेला असतो. त्यानंतर आठवडाभराने एक पोरगा जाळीसाठी आला, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, "आज येळ न्हाई." तो उद्या आला का, हे मी विचारलेले नाही.

सुरक्षिततेच्या नियमांवर मात्र अण्णा कधी कुरकुरले नाहीत. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सी. सी.च्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ए. बी. एस. आले. ब्रेक दाबताना चाक जागीच अडकले तर गाडी घसरते. म्हणून चाकाजवळची दातेरी चकती वेग मोजत राहते आणि चाक अडकायच्या आत ब्रेक क्षणभर सैल होतो. घाटातून वाकड्या झालेल्या गाड्या टेंपोत घालून अण्णांनीच आणलेल्या आहेत. त्यामुळे ही चकती ते मऊ फडक्याने पुसतात. मामा ट्रक चालवतो. तो सांगतो, नव्या ट्रकला डिझेलबरोबर युरियाचे पाणी घालावे लागते. ते संपले की इंजिनाची ताकद कमी होते. आजीला हे पटत नाही. "युरिया शेताला घालायचा का गाडीला?" असे ती विचारते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मामाचा ट्रक जुना आहे. तो उन्हाळ्यात ओला टॉवेल मानेवर टाकून चालवतो.

असो. गेल्या वर्षी शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांबरोबर वर्गणी काढून अण्णांनी एक जुना स्कॅनर घेतला. तो गाडीला जोडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात. ती वाचायला मी. कॉलेज सुटले की मी दप्तर ठेवते आणि अण्णांच्या शेजारी उकिडवी बसते.

पावसाळ्यात एक मोटारसायकल आली. पिवळा दिवा लागलेला, पेट्रोल जास्त खात होती. एका ठिकाणी त्यांना सांगितले होते, ऑक्सिजनचा सेन्सर गेला आहे, दोन-अडीच हजार लागतील. मी स्कॅनर लावला. तोही सेन्सरचेच नाव दाखवू लागला; मिश्रणात हवा जास्त आहे असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, "अण्णा, सेन्सरच." अण्णांनी गाडी चालू ठेवायला सांगितली, डोळे मिटले, मान तिरकी केली. किती दिवसांनी मी ती मान पाहिली! मग ते खाली वाकले आणि इंजिनातून सायलेन्सरचा नळ जिथे निघतो त्या जोडाकडे बोट दाखवले. "फुसफुसतंय." गाडी गार झाल्यावर त्यांनी जोडावर साबणाचे पाणी सोडून ती पुन्हा चालू केली, आणि तिथे बुडबुडे आले. जोडातली रिंग खाल्ली गेली होती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाई, सेन्सरला वाटे की पेट्रोल कमी पडते आहे, आणि संगणक बिचारा पेट्रोल वाढवत राही. सेन्सर चांगला होता. त्याला चुकीची हवा मिळत होती. रिंग साठ रुपयांची.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. डाव्या पानावर स्कॅनर काय म्हणतो ते मराठीत, उजव्या पानावर अण्णा काय म्हणतात ते. ती दोरीने खिळ्याला टांगलेली असते, आणि पहिल्या दहा पानांवर ऑइलचे डाग आहेत. आजवर ४७ नोंदी झाल्या. अठ्ठेचाळिसाव्या नोंदीचे डावे पान लिहून झाले, तेवढ्यात गाडीवाल्याला घाई झाली आणि तो तसाच निघून गेला. मी वही मिटणार होते, तर अण्णा म्हणाले, "उजवीकडं जागा सोड. गाडी परत आली की सांगतो."