आजीची म्हैस

वयाच्या ६७ व्या वर्षीं मी आठ रात्री एका म्हशीला उशाशीं घेऊन निजलें, असें सांगितलें तर वाचकभगिनींना माझ्या प्रकृतीची काळजी वाटेल. म्हणून आरंभींच खुलासा केलेला बरा. म्हैस काळ्या सुती दोऱ्याची होती, वीतभर होती, आणि मींच ती क्रोशाच्या सुईनें विणली होती. तिला जवळ घेऊन निजण्याची पाळी मजवर कां आली, ती हकीकत थोडी लाजिरवाणी आहे; पण घरोघरीं नातवंडें आहेत आणि घरोघरीं माझ्यासारख्या टापटिपीच्या आज्याही आहेत, तेव्हां सांगून टाकतें.

सदाशिव पेठेंतलें बिऱ्हाड मोडून आम्ही २०१२ सालीं बावधनला राहावयास आलों. तेव्हां येथें गांवपण बरेंच शिल्लक होतें. पहाटे टेकडीवर मोर ओरडत, रामनदीच्या अंगानें म्हशी चरत. पुढें उंच इमारतींनीं टेकड्या झांकल्या, बावधन बुद्रुकही २०२१ सालीं पुण्याच्या महानगरपालिकेंत गेलें. म्हशींनीं मात्र हा फरक मनावर घेतला नाहीं. अजूनही दिवसांतून एकदां दहाबारा म्हशी मोटारींची रांग थोपवून, शेपट्या हालवीत, कुणाचें कांहीं देणें लागत नसल्यासारख्या आमच्या फाटकावरून जातात. माझी नात गॅलरीचे गज धरून उभी राहूं लागली ती ह्या म्हशींसाठींच. इतर मुलें आईबाबांच्या मागोमाग 'काऊ' म्हणतात. हिचा तिसरा शब्द 'म्हस्स' हा होता.

ती जन्मली २०२२ च्या ऑगस्टांत. तिच्यासाठीं मीं माझ्या सासूबाईंच्या जांभळ्या लुगड्याचीं तीन दुपटीं आधींच शिवून ठेविलीं होतीं. तान्ह्याच्या अंगाला कोरें कापड टोंचतें. शेंकडों वेळां धुतलेलें लुगडें सायीसारखें मऊ होतें, म्हणून आपल्याकडे ही चाल पडली असावी. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर चांदणी चौकांतला जुना पूल सुरुंग लावून पाडण्यांत आला. आम्ही सारीं मोठीं माणसें कानांत बोटें घालून जागत बसलों होतों. पोर मात्र पणजीच्या लुगड्यांत गुरफटून स्वस्थ झोंपली होती.

त्या तीन दुपट्यांपैकीं दोन विरलीं, आणि तिसऱ्याचाही अडीच वर्षांत झिजतां झिजतां वीतभर काठ तेवढा उरला. ह्या काठाला ती 'दुप्पी' म्हणे. झोंप आली कीं दुप्पी डाव्या मुठींत, काठाचें टोंक वरच्या ओंठावर, आणि अंगठ्यानें त्यावर हळूहळू घासणें चालूं. दोन मिनिटांत डोळे मिटत. दुप्पी सांपडली नाहीं तर मात्र सगळें घर पलंगाखालीं.

२०२५ च्या संक्रांतीनंतर सूनबाईनें पुन्हां कचेरीला जावें आणि मुलीला अर्धा दिवस पाळणाघरांत ठेवावें असें ठरलें. पाळणाघरांतल्या बाई म्हणाल्या, "तिचें आवडतें खेळणें सोबत द्या." आवडतें खेळणें म्हणजे ती चिंधी! दहा घरचीं मुलें जमणार, त्यांच्या हातीं नीटनेटकीं खेळणीं असणार, आणि आमच्या घरची मुलगी विटका काठ ओंठाला लावून बसणार, ह्या कल्पनेनेंच मला कसेंसें झालें. "मी तिला कांहींतरी सुरेख करून देतें," असें मीं जाहीर केलें.

अमेरिकेंत असलेल्या माझ्या भाचीनें मागें एक चित्र पाठविलें होतें. प्राण्याचें विणलेलें डोकें, दोन इवलेसे हात, आणि धडाच्या जागीं मोठ्या हातरुमालाएवढें मऊ पांघरूण. तिकडे ह्याला 'लव्ही' म्हणतात. अर्धी बाहुली, अर्धें दुपटें असा हा प्रकार मला फार सोईचा वाटला. चित्रांत ससा होता. आमच्याकडे ससा नको होता, हें सांगावयास नकोच.

क्रोशाचें काम मला आईनें १९७० च्या सुमारास शिकविलें तें रुखवतासाठीं. ताटावरचे रुमाल, दारावरचें तोरण, तांब्यावरची मणी लावलेली जाळी, असें सारें करून झालें आणि मग सुई पेटींत गेली ती बरींच वर्षें. ही विद्या मूळची आपली नव्हे. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडून जो घोर दुष्काळ पडला, त्यांत कित्येक बायकांनीं ह्या आंकड्याच्या सुईवर आपली चूल पेटती ठेविली. आपल्या देशांत आंध्रांतील नरसापूरकडे मिशनरी मंडळींकडून हें जाळीकाम एकोणिसाव्या शतकांत पोंचलें आणि तेथील घरोघरच्या बायकांचा तो धंदा झाला. दोन सुयांचें विणकाम यंत्रानें केव्हांच उचललें. खरें क्रोशाचें काम मात्र यंत्राला अजून नीट साधलेलें नाहीं. बाजारांत स्वस्तांत दिसलेली क्रोशाची बाहुली कुणीतरी हातानेंच केलेली असते. घासाघीस करतांना मला हें हल्लीं आठवतें.

रुमालाची संवय झालेल्या हाताला भरीव डोकें विणणें प्रथम जड गेलें. जपानांत अशा भरीव प्राण्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात आणि त्यांचा हिशेब मोठा सुबक आहे. मधल्या फांसांत ६ टांके घ्यावयाचे. दुसऱ्या फेरींत १२, तिसरींत १८, चौथींत २४. दर फेरीला सहा वाढविले तर चकती सपाट राहते. वाढविणें थांबविलें कीं कडा आपोआप वर वळते आणि वाटी होते. पुढें सहा सहा घटवीत गेलें कीं तोंड मिटतें. मनुष्यानें काय वाढवावें आणि कोठें थांबावें, हें इतकें स्पष्ट सांगणारें दुसरें काम माझ्या पाहण्यांत नाहीं.

परंतु हा हिशेब पांढऱ्या दोऱ्याला सोपा. काळ्या दोऱ्याचा टांका रात्रीं दिव्याखालीं दिसतच नाहीं. तो बोटांनीं चांचपून मोजावा लागतो. डोकें दोनदां उसवलें. दोऱ्याला लागते त्याहून एक नंबर बारीक सुई घेतली, म्हणजे वीण घट्ट बसते आणि आंतलें भरण डोकावत नाहीं. भरावयाला कापूस घेणार होतें; पण धुतल्यावर कापसाचा गोळा होतो आणि पावसाळ्यांत तो आंतून लवकर वाळत नाहीं, म्हणून पॉलिएस्टरचा पिंजलेला धागा भरला. डोळ्यांना काळेभोर मणी लावण्याचा मोह मोठ्या कष्टानें आवरला. तीन वर्षांखालचें मूल मणी उपटून गिळूं शकतें. म्हणून पांढऱ्या दोऱ्यानेंच डोळे भरले. (वर्षाच्या आंतील मुलाच्या पाळण्यांत तर निजतांना कसलेंच मऊ खेळणें किंवा सैल पांघरूण ठेवूं नये, असें आतांचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आमच्या वेळीं आम्ही पाळणा भरून टाकीत असूं.) शिंगांपाशीं पुन्हां अडलें. मुऱ्हा म्हशीचीं शिंगें जिलबीसारखीं वळलेलीं. तीं माझ्यानें होईनात. पंढरपुरी म्हशीचीं शिंगें मात्र तलवारीसारखीं लांब मागें गेलेलीं असतात. तेव्हां आमची म्हैस पंढरपुरी झाली. राखी दोऱ्याचीं तीं शिंगें पाहून आमच्या घरचे म्हणाले, "वारी घडली म्हणायची."

खोटें कशाला सांगूं, म्हैस फार देखणी झाली होती. मीं ती शेजारीं दोन घरीं दाखवूनही आणली. आणि ह्याच भरांत माझ्या हातून ती गोष्ट घडली.

पाळणाघराच्या आदल्या दिवशीं अंथरुणें आवरतांना दुप्पी हातीं लागली. तिला दुधाचा, लाळेचा, खोबरेल तेलाचा असा एक शिळा वास येत होता. मीं ती कढत पाण्यांत साबण घालून चोळली, वर जंतुनाशकाचे चार थेंब टाकले आणि दुपारभर कडक उन्हांत वाळविली. संध्याकाळीं घडी घालून तिच्या उशीवर ठेविली, शेजारीं म्हैस.

रात्रीं पोरीनें दुप्पी उचलली, ओंठाला लावली आणि थांबली. पुन्हां हुंगली. मग माझ्याकडे पाहून अगदीं शांतपणें म्हणाली, "ही नाहीं." तिला वाटलें, खरी दुप्पी दुसरीकडे कोठें तरी आहे. ती पलंगाखालीं वांकून आली, कपाट उघडावयास लावलें, माझ्या पदराखालीं पाहिलें. मीं घाईघाईनें म्हैस पुढें केली. "ही बघ, आजीनें खास तुझ्यासाठीं केली!" तिनें ती घेतली, शिंगें पाहिलीं, आणि पाहुण्यानें आणलेला नावडता खाऊ परत करावा तशी माझ्या मांडीवर परत ठेविली. त्यानंतर जें रडणें सुरू झालें तें रात्रीं दोनपर्यंत. दुसऱ्यानें ही चूक केली असती तर मीं चार शब्द ऐकविले असते. सूनबाई मला एक शब्दही बोलली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. पाळणाघर आठ दिवस पुढें गेलें.

बालमानसशास्त्र शिकविलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मीं फोनवर हें सांगितलें, तेव्हां ती हंसली नाहीं. तिनें मला डोनल्ड विनिकॉट ह्या इंग्रज डॉक्टरांची ओळख करून दिली. लंडनमध्यें हजारों आया आणि मुलें जवळून पाहिलेल्या ह्या गृहस्थांनीं १९५१ सालीं ह्याच चिंध्यांवर एक निबंध वाचला. आई आपल्यापासून निराळी आहे हें मुलाला हळूहळू उमगूं लागतें, आणि त्या मधल्या जागेंत मूल एखादा काठ, एखादें पांघरूण धरून ठेवतें. त्या वस्तूवर अधिकार मुलाचा. तिच्यांत फरक करावयाचा तर तो मुलानेंच. आईबापांना ती मळकी, वास मारणारी वस्तु खपवून घ्यावी लागते, कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवाचा धागाच तुटतो, असें त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे. ही वस्तु तूं निर्माण केलीस कीं आम्हीं तुला दिली, हा प्रश्न मुलाला विचारूंच नये, असेंही ते सांगतात. आणि मीं तर न विचारतां उत्तर देऊन टाकलें होतें: "आजीनें केली!"

ह्याला जोडून मैत्रिणीनें हॅरी हार्लो ह्यांच्या माकडांचीही गोष्ट सांगितली. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत पिलांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईपाशीं असलें तरी पिलें पिण्यापुरतीं तिच्याकडे जात आणि बाकीचा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. त्या पिलांचे हाल ऐकवेनात. पण माझ्या सासूबाईंचें लुगडें तें काय करीत होतें, हें मला तेव्हां समजलें. तें मीं दुपारच्या उन्हांत वाळत घातलें होतें.

उपाय सुचला तो सूनबाईला. तिनें दुप्पी उचलून स्वतःच्या उशीच्या अभ्र्यांत घातली आणि मला म्हणाली, "आई, म्हैस तिला देऊंच नका. तुमच्याजवळ घेऊन निजा. मागितली तर बघूं." अशा रीतीनें ती म्हैस माझ्या उशाशीं आली. आमच्या घरच्यांनीं पहिल्या रात्रीं, "हिला वैरण काय घालायची?" असें विचारून घेतलें. मीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पोरगी दारांतून डोकावून पाहूं लागली. पांचव्या दिवशीं तिनें म्हशीला एक चमचा खोटें दूध पाजलें आणि ती निघून गेली. मीं वर्तमानपत्र वाचीत असल्याचें सोंग केलें. इतकें कठीण सोंग मीं आयुष्यांत केलें नसेल. तोंडांतून 'घे ना ग' येऊं पहात होतें.

आठव्या रात्रीनंतर दुपारीं मी आडवी झालें होतें. ती आली, म्हशीकडे बघून म्हणाली, "आजी, ती रडते." आणि म्हशीला शिंगाला धरून ओढीत आपल्या खोलींत घेऊन गेली. थोड्या वेळानें जाऊन पाहिलें तों आईच्या अभ्र्यांतून दुप्पी काढून तिनें ती म्हशीच्या डाव्या शिंगाला गुंडाळली होती, आणि शिंगाचें टोंक ओंठावर धरून ती झोंपली होती. मीं खपून विणलेल्या पांघरुणाचा भाग खालीं लोंबत होता. त्याकडे तिनें आजतागायत लक्ष दिलेलें नाहीं.

दोन दिवसांनीं तिघीही पाळणाघरांत गेल्या: ती, म्हैस आणि दुप्पी. पहिल्या आठवड्यांत दारांत रडणें झालें; तें कुणाला चुकलें आहे? पण बाईंचें म्हणणें, झोंपेच्या वेळीं मात्र कांहीं त्रास नाहीं.

जूनपर्यंत म्हशीचीं राखी शिंगें काळपट झालीं आणि तिलाही तो वास येऊं लागला. सोमवारीं कपड्यांची बादली भरली कीं माझा हात अजून शिवशिवतो. हुबेहूब दुसरी म्हैस करून दोन्ही आलटून पालटून धुवाव्या, असा शहाणपणा मीं योजिला होता. तोच दोरा, तीच सुई, टांका न टांका मोजलेला. पोरीनें ती नवी म्हैस हातांत घेऊन क्षणभर पाहिली आणि सांगितलें, "ही तुझी." ती आतां माझ्या उशाशीं कायमची आहे.

परवां तिच्या म्हशीचें डावें शिंग मुळाशीं उसवलें. मीं सुईदोरा घेऊन विचारलें, "शिवूं का ग?" तिनें बराच वेळ विचार केला. मग माझ्या मांडीवर येऊन बसली, म्हशीचे दोन्ही डोळे आपल्या तळहातानें झांकले आणि म्हणाली, "आतां टोंच. हळू."