बत्तीस कोपरे

खुर्चीलगत किंवा पलंगाशेजारी जे लहानसे मेज असते, त्याच्याकडे घरात सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यावर दिवा ठेवावा, पाण्याचा तांब्या ठेवावा, वाचता वाचता पुस्तक उपडे टाकावे आणि त्याला विसरून जावे. ते डगमगू लागले, म्हणजे मात्र सर्वांना त्याची आठवण होते. चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या यांचे जोड घट्ट असणे, एवढीच त्याची सारी विद्या. पण ती हस्तगत करण्यात सुताराची कितीतरी वर्षे जातात.

एका वृद्ध सुताराच्या नातीने असे मेज करावयाचे ठरविले, तेही सी. एन. सी. राउटरवर. हे यंत्र म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारा हातच होय. त्याच्या टोकाचे धारदार पाते मिनिटाला 18,000 फेरे घेत तिन्ही दिशांना सरकते. कोठे आणि किती सरकावे, हे त्याला आकड्यांनी सांगावयाचे. आकड्यांवर चालणारे असे यंत्र 1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत लोकांना दाखविण्यात आले. ते धातू कापी, आणि त्याला आज्ञा मिळत त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून!

नातीने आराखडा काढला. सागवानी पाय शिकंज्यात आवळले. यंत्र घरघरू लागले, भुसा उडू लागला. प्रत्येक पायाला दोन, अशा आठ खाचा तासाभरात कोरून झाल्या. आजोबा दाराशी बसून मुकाट्याने पाहत होते. ज्या कामासाठी लोक आयुष्यभर त्यांचा उंबरा झिजवीत आले, ते काम आज त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्यावाचून होत होते.

मग जोडणीची वेळ आली. पट्टीच्या टोकाचा जो जिभेसारखा भाग खाचेत बसतो, त्याला कुसू म्हणतात. ते कुसू काही केल्या खाचेत शिरेना.

“आजोबा, आराखडा तर बरोबर आहे. यंत्रच चुकले!”

“यंत्र कशाला चुकेल, पोरी? फिरणारे पाते गोलच कापणार. कंपासाने कधी चौकोन काढलास का?”

खरोखरच, पाते 6 मिलिमीटर व्यासाचे होते. म्हणून खाचेचा प्रत्येक कोपरा 3 मिलिमीटर त्रिज्येने गोल राहिला होता. कुसवाचे कोपरे मात्र काटकोनी. आठ खाचा, प्रत्येकीचे चार कोपरे. म्हणजे बत्तीस कोपरे अडून बसले होते.

आजोबांनी पटाशी उचलली. पहिल्या खाचेचे चार कोपरे त्यांनी साफ केले आणि पटाशी नातीच्या हाती दिली. तिच्या पहिल्याच घावासरशी लाकडाची ढलपी उडाली. “आधी रेषा आडवी तोड, मग उभी,” आजोबा म्हणाले. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात. ते आधी आडवे तोडले नाहीत, तर घावासरशी लाकूड भलतीकडेच उकलते. उरलेले कोपरे करता करता सायंकाळ झाली. शेवटचे पाच-सहा चांगले उतरले.

वरची फळी ती सरसाने पक्की चिकटविणार होती. आजोबांनी ते होऊ दिले नाही. पावसाळ्यात हवेतील ओल शोषून फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. चोहोकडून जखडलेली फळी अशा वेळी तडकते. म्हणून स्क्रूंची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावी लागतात. ती यंत्राने इतकी नेमकी पाडली, की आजोबांनी दोनदा बोट फिरवून पाहिले.

दुसऱ्या मेजाच्या वेळी नातीने कुसवांच्या कडाच कानशीने गोल केल्या. कुसू खाचेत अलगद शिरले. पटाशीचे काम पडले नाही. आजोबांनी चष्मा लावला, पाय दोन्ही हातांनी धरला आणि जोड जोराने हलवून पाहिला. तो हलला नाही.